देवउठनीच्या आधीची साफसफाई

चातुर्मासात आमच्या ऑफिसात एक वास यायचा. खाली गोदाम, वर आम्ही. गोदामात ओले असतानाच गुंडाळून ठेवलेले शामियाने, लग्नाच्या गाद्या, कढयांच्या बुडाला धरलेलं जुनं तूप, आणि उंदीर. लग्नसराईत हा वास कळायचा नाही. दारं सताड उघडी, ट्रक लागलेले, हमालांचा आरडाओरडा, वास घ्यायला फुरसत कुणाला! पण आषाढातली एकादशी झाली की देव झोपतात, आणि देव झोपले की आमच्याकडे ग्वाल्हेरात लग्नं बंद. थेट कार्तिकातल्या एकादशीला, देवउठनी ग्यारसला, पुन्हा बँड वाजतो. मधले चार महिने आमची टेंट आणि केटरिंगची कंपनी नुसती पडून असायची, आणि तिची अकाउंटंट म्हणून मी तो वास नाकात घेऊन इंदरगंजच्या त्या पहिल्या मजल्यावर बसायचे. पंखा एकच लावायचा, अशी मालकांची आज्ञा होती.

पण वासाचं एक सोडा, वास फिनाइलने जातो. मला खरी किळस यायची ती दिवाळी संपल्यावर, ग्यारसच्या आधीच्या आठवड्यात जे सुरू व्हायचं त्याची. त्या आठवड्यात मालक आणि मी समोरासमोर बसून सगळ्यांच्या पगाराची शीट तपासायचो. मालक त्याला साफसफाई म्हणायचे.

मालकांना मी काका म्हणायचे. रक्ताचं नातं काही नाही, पण माझं माहेर खासगी बाजारात त्यांच्या शेजारचं, आणि ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत शेजारीही काकाच असतो. त्यांचे पणजोबा दरबारच्या फरासखान्यात होते, म्हणजे तंबू-गालिच्यांच्या खात्यात. हे ते लग्न ठरवायला आलेल्या प्रत्येक पार्टीला ऐकवायचे. "हम तो पीढ़ियों से तंबू ही तान रहे हैं साहब," असं म्हणून छातीवर हात ठेवायचे, आणि वर, "मराठा आदमी हैं, ज़बान के पक्के." पार्टी खूश होऊन अ‍ॅडव्हान्स ठेवायची. गणपतीत आरतीचा पहिला मान त्यांचा, भंडाऱ्याला पहिली देणगी त्यांची. हा माणूस वाईट आहे असं मी बाहेर कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

तर ही साफसफाई अशी. आमची कामाची माणसं म्हणजे हलवाई, वाढपी, लाइटवाले, भांडी घासणाऱ्या आणि पुऱ्या लाटणाऱ्या बायका. चातुर्मासात त्यांना पगार नाही, शीटवर नावापुढे नुसतं 'सुट्टी'. बरं, काम नाही तर पगार नाही, हे एक वेळ मी समजू शकते. पण ग्यारसच्या आधी काका ही सगळी नावं बंद करायला लावायचे. प्रत्येकापुढे लिहायचं, 'स्वतःहून नोकरी सोडली.' आणि ग्यारसच्या तारखेला तीच माणसं, तेच चेहरे, हातावरचे तेच भाजल्याचे डाग, नवीन भरती म्हणून पुन्हा चढवायची. नवा नंबर, नवं कार्ड. कारण एक माणूस पाच वर्षं सलग राहिला की कायद्याने त्याला ग्रॅच्युइटी द्यावी लागते. काकांकडे कुणी सलग राहतच नसे. दरवर्षी देव झोपत आणि दरवर्षी सगळ्यांच्या नोकऱ्या जात.

"देवाच्या नावाने करतो आपण, बेटा," काका मला समजवायचे. "ग्यारसचा दिवस. नव्या कामाला याच्यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला सांग."

हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अहो, लुबाडायचं तर लुबाडा, वर मुहूर्त कशाला काढता? मी दरवर्षी भांडायचे, दरवर्षी हरायचे आणि घरी जाऊन नवऱ्यावर चिडायचे. तो बिचारा शाळेत गणित शिकवतो, त्याचा यात काय दोष.

सगळ्यांचीच नावं मात्र बंद होत नसत हं. पक्की नावं म्हणून वेगळी होती. त्यात मी, ड्रायव्हर, चौकीदार आणि मग काकांचं घरदार. मोठी सून 'भांडार प्रमुख', जिने गोदामाची पायरीसुद्धा पाहिलेली नाही. धाकटी सून 'मेनू सल्लागार', तिला कुकर लावता येतो की नाही यावर घरातच दोन मतं. आणि जावई! जावईबापू राहतात पुण्याला, कुठल्याशा बँकेत मोठ्या पदावर, आणि आमच्या शीटवर साउंड ऑपरेटर. चातुर्मासातही पूर्ण पगार. लग्नं नसताना कुठला साउंड चालवत होते कोण जाणे, झोपलेल्या देवांना अंगाई लावत असतील.

आणि हे सगळं चालू असताना काकांच्या तोंडात पानमसाला. टेबलावर एक स्टीलचा ग्लास असायचा, त्यात ते थुंकायचे. पंख्याने कागद उडतात म्हणून तोच ग्लास शीटवर वजन म्हणून ठेवायचे. हे मी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी दुपारचा डबा तसाच घरी नेला. पुढे सवय होईल असं वाटलं होतं, ती कधी झाली नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर जिज्जी ऑफिसात आली. जिज्जी म्हणजे इकडच्या बोलीत थोरली बहीण. पुऱ्या लाटणाऱ्या बायकांची ती पुढारी, आणि सगळे तिला जिज्जीच म्हणायचे, काकासुद्धा. जिभेची भारी तिखट. हलवायाने पीठ सैल मळलं तर परात त्याच्या पुढ्यात आपटणारी, आणि वाढप्यांनी चावट गाणं लावलं तर त्यांच्या खानदानाचा उद्धार करणारी. ती त्या दिवशी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि बसेचना.

"अगं बैठो ना जिज्जी," मी म्हटलं.

"नहीं दीदी. माँगने आई हूँ, माँगने वाला खड़ा ही ठीक."

तिच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिसवर होता. कामगारांच्या विमा कार्डावर हा इलाज फुकट मिळतो, पण मोठ्या इलाजासाठी नोकरी वर्षभर सलग दिसावी लागते. आदल्या कार्तिकात आमचं नवं कार्ड घेऊन ती विम्याच्या दवाखान्यात गेली, तर खिडकीवरच्या माणसाने कागद पाहिला आणि म्हणाला, बाई, तू तर आत्ता नोकरीला लागलीयेस. त्याचं तरी काय चुकलं? कागदावर ती नवीनच होती. जिज्जी आमच्याकडे मी यायच्या आधीपासून पुऱ्या लाटतेय. तेव्हापासून इलाज खासगीत, पैसे भरून चाललेला. हातातल्या चांदीच्या पाटल्या गेल्या, मुलीची शाळा सुटली, आता घरात विकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

या वेळी तिचा नंबर तोच राहिला तर याच महिन्यात ती इलाजाला पात्र ठरत होती. नंबर बंद झाला की पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचं. आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत बसायला नवऱ्याकडे वेळ नाही, असं डॉक्टरने तिला स्पष्ट सांगितलं होतं.

"दीदी, चौमासे की पगार नहीं माँगती," ती म्हणाली. "पगार मत दो. बस नाम मत काटो. नाम रहने दो."

"रहेगा," मी म्हटलं. पटकन बोलून गेले, आणि ते काकांच्या हातात आहे हे मग आठवलं.

साफसफाईच्या दिवशी सकाळी काकांनी गोदामात मोठ्या कढईची पूजा केली. सीझन सुरू व्हायच्या आधी ते दरवर्षी करतात. कढईला हळदकुंकू, नारळ, हात जोडून डोळे मिटून बराच वेळ काहीतरी पुटपुटणं. मग कपाळाला गंध लावून वर आले, माझ्या हातावर पेढा ठेवला, पानमसाल्याची पुडी फाडली आणि ग्लास पुढे ओढला.

"चल बेटा, आटपून टाकू."

मी शीट पुढे केली आणि म्हटलं, "काका, यंदा जिज्जीचं नाव बंद करायचं नाही."

"कुणाचं?"

"जिज्जीचं. नवरा आजारी आहे तिचा. नंबर बदलला तर इलाज मिळणार नाही. माणूस जाईल, काका."

"अरेरे," काका म्हणाले. आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. हाच तर वैताग होता. काकांना पाणी लगेच यायचं, कुणाच्याही लेकीच्या बिदाईला यायचं, त्याच लग्नाच्या बिलात दहा प्लेटा जास्तीच्या लावून झाल्यावर यायचं. "बिचारी गं. तिला म्हणावं घरी ये, काकूकडून साड्या घेऊन जा. जुन्या आहेत, पण चांगल्या आहेत."

"साड्या नकोत तिला. नंबर हवाय."

"एकाला दिलं की सगळे मागतात. आज जिज्जी, उद्या हलवाई, परवा तो लाइटवाला. मग मी काय दुकान बंद करू?"

"काका, आपल्याला काहीसुद्धा द्यायचं नाहीये. तिच्या नावापुढे 'नोकरी सोडली' असं खोटं लिहायचं नाही, एवढंच."

"आणि ग्रॅच्युइटी? पाच वर्षं झाल्यावर?"

"पाच वर्षांचं कुणी पाहिलंय! तिचा नवरा होळी तरी पाहील की नाही, याची खात्री नाही."

काकांनी चघळता चघळता मान हलवली. त्यांना माझं म्हणणं पटल्यासारखं दिसलं. "मग तर प्रश्नच मिटला," ते अगदी मायेने म्हणाले. "नवरा राहणारच नसेल, तर नाव ठेवून काय उपयोग?"

आणि ग्लास उचलून त्यात थुंकले, आणि ग्लास परत शीटवर ठेवला.

माझ्या हातात तो पेढा अजून होता. तो मी त्यांच्या देखत कचऱ्याच्या डब्यात टाकला. शी! त्या पेढ्याचीसुद्धा शिसारी आली मला. काकांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"जावयांचं नाव बंद करा मग," मी म्हटलं. "त्यांचं काही अडणार नाही."

आता मात्र काका ताठ झाले. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? तुळशीचं लग्न तोंडावर आलंय आणि मी जावयाचं नाव काढू? लेकीला काय तोंड दाखवू मी? दर महिन्याची तिची माहेरची ओवाळणी आहे ती."

"साउंड ऑपरेटर आहेत ना ते? एकदा येऊन माइक तरी लावून दाखवू देत की."

"हे बघ, घरच्या माणसावर बोट ठेवायचं नाही." एवढं बोलून ते लगेच मवाळ झाले, कारण आवाज चढवणं त्यांच्या प्रकृतीत नाही. "ऐक. मला पक्की नावं वाढवायची नाहीत. पण तू एवढं म्हणतेस तर ठेवू जिज्जीला. एक ठेवायचं तर एक काढायचं, सरळ हिशोब. कुणाचं काढू सांग. ड्रायव्हरचं? चौकीदाराचं? तू सांगशील त्याचं काढतो."

चौकीदाराचा एक पाय अधू आहे. ड्रायव्हरच्या घरी जुळ्या मुली झाल्या होत्या, त्यांच्या बारशाचे लाडू मी आणि काकांनी मिळून खाल्लेले. हे काकांनाही ठाऊक होतं. पाप स्वतः करायचं आणि अंगठा दुसऱ्याचा लावून घ्यायचा, हे त्यांचं खास कसब. मला त्या क्षणी त्या माणसाची इतकी घाण वाटली की एका खोलीत श्वास घेववेना.

"माझं काढा," मी म्हटलं.

खरं सांगते, रागात म्हटलं. त्यागबिग काही डोक्यात नव्हतं. मला वाटलं, या माणसाचं जीएसटी, ऑडिट, खात्याच्या नोटिसा, सगळं इतकी वर्षं मी निस्तरलं, याला स्वतःच्या बँकेचा पासवर्डसुद्धा मला विचारावा लागतो. हा म्हणेल, अगं असं काय बोलतेस, तू का परकी आहेस, बरं राहू दे तुझ्या जिज्जीचं नाव. मी त्यांना ओळखून आहे असा माझा समज होता.

काकांचं चघळणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे ओठ किंचित हलायला लागले. वजाबाकी करत होते ते. माझा पगार एवढा, जिज्जीचा एवढा. मला समोर बसून ती वजाबाकी दिसत होती.

"चालेल," काका म्हणाले.

मग तेच पुढे बोलू लागले.

"धाकटी म्हणतच होती, बाबूजी, अकाउंट्सचं मी घरबसल्या बघीन. तिला ग्यारसच्या आधी सगळं नीट समजावून दे. आणि लिहिताना व्यवस्थित लिही हं बेटा. स्वतःहून सोडली, असं."

हसू आलं मला. हरिशंकरपुरमच्या आमच्या फ्लॅटचे हप्ते डोळ्यांपुढे आले, नवऱ्याचा चेहरा आला. अजूनही म्हणता आलं असतं की काका, मी आपलं असंच बोलले. पण तसं म्हटलं की जिज्जीचं नाव गेलं. आणि हे काकांना माझ्या आधीच कळलं होतं, म्हणून ते इतक्या निवांतपणे बसले होते.

"मग आत्ता सही करा," मी म्हटलं. "माझ्यासमोर."

शीट मी पुन्हा छापली. जिज्जीची ओळ जशीच्या तशी, नंबर तोच. माझ्या ओळीपुढे 'स्वतःहून नोकरी सोडली' हे मी स्वतः टाइप केलं. बाकीच्यांच्या ओळींपुढेही केलं, त्यांच्यासाठी माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं, आणि त्याचा राग आजही येतो. सही झाल्याबरोबर, काकांचं मन बदलायच्या आत, मी सगळं विम्याच्या सरकारी पोर्टलवर भरून टाकलं. मागे काका कुणाला तरी फोनवर सांगत होते, "हाँ हाँ, ग्यारस की बुकिंग फुल है, आप चिंता मत करो, ज़बान दी है."

मी पर्स उचलली तेव्हा म्हणाले, "ग्यारसला दोघं जेवायला या घरी. काकू पुरणपोळ्या करणार आहे." मनापासून बोलावत होते. मी दार ओढून घेतलं.

जिज्जी खाली गोदामापुढच्या अंगणात होती. सीझनच्या आधीची भांडी घासायला या बायका आठवडाभर आधीच यायच्या, त्याचे पैसे वेगळे धरत नसत. कोपरापर्यंत राखेने भरलेले हात घेऊन ती उठली.

"नाम वही है, जिज्जी," मी म्हटलं. "नंबर भी वही. कार्ड लेके कल ही चली जाना, टालना मत."

ती मटकन कढईच्या शेजारी खाली बसली. ही बाई रडताना मी पहिल्यांदाच पाहिली. राखेचे हात तोंडाला लावता येईनात, म्हणून खांद्याला डोळे पुसत होती आणि मधेच हसत होती. "बच जाएगा दीदी," म्हणत होती, "अब बच जाएगा." आज हे लिहितेय तेव्हा तो आहे. थकलाय, चिडचिड करतो, जिज्जीला शिव्या घालतो, पण आहे. मी आता घरूनच दोन-तीन दुकानांचे हिशोब बघते, हप्ता कसाबसा निघतो.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. आवाज ऐकून काका वर गॅलरीत आले. जिज्जीने त्यांना पाहिलं आणि तशीच उभी राहिली.

"भगवान मालिक को लंबी उमर दे," ती वर बघून ओरडली. "बाल-बच्चों को सुखी रखे! मैं तो आपको कसाई समझती थी मालिक, माफ़ करना!"

काकांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलेलं मला खालूनसुद्धा दिसलं. त्यांनी देवळातल्या पुजाऱ्यासारखा हात वर केला. "खुश रहो जिज्जी, खुश रहो," म्हणाले. "सब उसकी कृपा है."

मी खरं सांगणारच होते. एक वाक्य बोलले असते तर जिज्जी हाताला लागेल तो कलथा घेऊन जिना चढली असती, मी तिला चांगली ओळखते. आणि मग तिचा तो नंबर संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकला नसता.

जिज्जीने कोपराने मला ढोसलं. "दीदी, आप भी हाथ जोड़ो ना," ती हळूच म्हणाली. "देखो, वो देख रहे हैं."

मी पर्स खांद्याला अडकवली आणि वर बघून हात जोडले.